आपली रोजची गाडी ट्रेलर ओढेल का? हलका कॅम्पिंग ट्रेलर निवडण्याआधीचं गणित

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. बोलतो तसंच लिहिलंय, फक्त "अं", "म्हणजे" आणि मागून येणारा भाजीवाल्याचा आवाज काढून टाकलाय.

कॅम्पिंगच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, परदेशातले लोक कारमागे छोटं घर लावून फिरतात, तसं आपल्या गाडीला लावता येईल का?" प्रश्न माझ्याही घरचाच आहे. आईचे गुडघे दुखतात, तिला उकिडवं बसता येत नाही. लोणारला जायचं म्हटलं की तिचा पहिला प्रश्न असतो, "तिथं कमोड असेल का रे?" स्वतःचं टॉयलेट, स्वतःचा पलंग सोबत नेता आला तर तिचं फिरणं सुरू होईल. म्हणून मी हा विषय हौशीपेक्षा थोडा जास्तच गांभीर्याने घेतला.

मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण यातलं बरंचसं गणित अकरावीच्या फिजिक्सचं आहे. चला.

ट्रेलर म्हणजे नक्की काय?

मोटर कॅरव्हॅन म्हणजे स्वतःचं इंजिन असलेलं चाकावरचं घर. ट्रेलरला इंजिन नसतं, त्याला आपली गाडी ओढते. हलक्या ट्रेलरचे ढोबळ तीन प्रकार. पहिला, फोल्डिंग: पेटीसारखा बंद होतो, मुक्कामाला उघडला की तंबू. दुसरा टिअरड्रॉप, म्हणजे अश्रूच्या थेंबाच्या आकाराचा: आत फक्त झोपायची जागा, मागे झाकण उघडून स्वयंपाक. तिसरा, फायबरग्लासचा अंड्यासारखा छोटा कॅरव्हॅन. यात उभं राहता येतं, टॉयलेट बसवता येतं. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ साली सुरू झालेला 'बोलर' हा या अंडाकृती घराण्यातला जुना आणि प्रसिद्ध.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यात मोटर कॅरव्हॅनसोबत टेंट ट्रेलर, फोल्डिंग कॅरव्हॅन आणि कॅम्पर ट्रेलर यांचाही विचार आहे. म्हणजे कल्पना सरकारलाही परकी नाही. अडचण आपल्या गाडीपासून सुरू होते.

पहिली पायरी: डॅशबोर्डच्या कप्प्यातलं पुस्तक

ओनर्स मॅन्युअल काढा आणि ट्रेलर टोइंगचं पान शोधा. तिथं दोनपैकी एक गोष्ट सापडेल. एक तर किलोमध्ये आकडा, नाहीतर "ही गाडी माणसं आणि सामान नेण्यासाठी बनवली आहे, ट्रेलर ओढण्याची शिफारस आम्ही करत नाही" अशा अर्थाचं वाक्य. आपल्याकडच्या अनेक छोट्या गाड्यांच्या पुस्तकात दुसरं वाक्य असतं. तसं असेल तर तुमच्या गाडीपुरता विषय तिथंच संपला. बाजारात कुणीही हिच वेल्ड करून देईल, पण वेल्डिंगने गाडीची क्षमता वाढत नाही.

इथं एक गल्लत हमखास होते. बंपरमागे जो टोइंग हुक मिळतो, तो गाडी बंद पडल्यावर ओढून नेण्यासाठी असतो. ट्रेलर जोडायला नाही.

दुसरी गल्लत: "बाहेरच्या देशात हीच गाडी ट्रेलर ओढते की!" ऑस्ट्रेलियात तीन दरवाजांच्या सुझुकी जिमनीला १,३०० किलोपर्यंतचा ब्रेकवाला ट्रेलर चालतो. आणि ब्रेक नसलेला? फक्त ३५० किलो. गाडी तीच, इंजिन तेच. फरक एवढाच की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक आहेत की नाहीत. पण तो आकडा त्या देशातल्या मॉडेलला, तिथल्या हिचसह आणि तिथल्या नियमांत दिलेला असतो. आपल्या पुस्तकात नसेल तर तो आपला आकडा नाही.

ओढणं सोपं, थांबवणं अवघड

आपण विचारतो, "इंजिनात दम आहे का?" खरा प्रश्न ब्रेकचा आहे. समजा गाडी माणसं-सामानासह १,६०० किलो आणि ट्रेलर ५०० किलो. एकूण २,१०० किलो. ब्रेक मात्र गाडीचेच. तेवढ्याच ताकदीने ब्रेक लागले तर थांबायला साधारण ३० टक्के जास्त अंतर लागतं. जिथं २५ मीटरमध्ये थांबायचात, तिथं ३३ मीटर. मधल्या आठ मीटरमध्ये एक रिक्षा आणि दोन स्कूटी आरामात मावतात.

आता घाट घ्या. कन्नडचा औट्रम घाट डोळ्यांसमोर आणा. ६ टक्क्यांचा उतार, वेग ताशी ४० किलोमीटर, वजन २,१०० किलो. हवा आणि टायरचा विरोध वजा केला तरी साधारण १० किलोवॅट उष्णता कुठेतरी जिरवावी लागते. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे पूर्ण उतारभर पाच गीझर सुरू! ही उष्णता फक्त ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून ढिले पडतात. म्हणून उतरताना खालचा गिअर, इंजिन ब्रेकिंग, आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक.

ब्रिटनचा नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे. बिनब्रेकचा ट्रेलर भरलेल्या वजनासह जास्तीत जास्त ७५० किलो किंवा रिकाम्या गाडीच्या वजनाच्या निम्मा, यातलं जे कमी असेल ते. आणि नवशिक्यांना तिथं सल्ला देतात की भरलेला कॅरव्हॅन गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. आपले घाट, खड्डे आणि मध्येच येणारी जनावरं धरली तर मी ४० टक्क्यांच्या वर जाणार नाही. हा कायदा नाही, माझी स्वतःची रेषा आहे.

उसाची ट्रॉली काय शिकवते

उसाने गच्च भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरची पुढची चाकं उचललेली तुम्ही रीलमध्ये तरी पाहिली असतील. तिथं जे घडतं त्याचं नाव 'नोज वेट': ट्रेलर आपल्या हिचवर खाली किती भार टाकतो.

हा भार खूप कमी असेल, म्हणजे सामान ट्रेलरच्या शेपटीत असेल, तर वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि गाडीलाही झुलवतो. खूप जास्त असेल तर गाडीचं बूड बसतं, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ वाटतं. युरोपात हा भार ट्रेलरच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के धरतात, अमेरिकेत १० ते १५. ५०० किलोच्या ट्रेलरला ५० किलो धरून चाला.

हे ५० किलो गाडीच्या सामानक्षमतेतून वजा होतात, जणू डिकीत एक माणूस बसलाय. शिवाय हिच मागच्या ॲक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तरफ तयार होते. व्हीलबेस २.५ मीटर आणि हिच ॲक्सलच्या १ मीटर मागे असेल तर मागच्या ॲक्सलवर ७० किलो वाढतात आणि पुढच्यावरून २० किलो कमी होतात. भारी कॅल्क्युलेटर नको, अकरावीचं मोमेंटचं गणित आहे.

मोजायचं कसं? बाथरूमचा वजनकाटा घ्या, त्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि हिचच्या उंचीवर ट्रेलरचं तोंड टेकवा. एकूण वजनासाठी एमआयडीसी भागातला कुठलाही भुईकाटा.

आणि झुलायला लागला तर? एकदम ब्रेक नको, स्टिअरिंगची उलटसुलट झटापट नको. स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढा. समृद्धीवर कारसाठी १२० ची मर्यादा आहे म्हणून ट्रेलरसह तेवढं पळवायचं नसतं. मोकळ्या माळावरचा आडवा वारा अन् शेजारून जाणारी बस ट्रेलरला ढकलते.

ब्रोशरमधला आकडा आणि भरलेला ट्रेलर

विक्रेता सांगतो, "साहेब, फक्त ३८० किलो!" ते रिकामं वजन. प्लेटवर कमाल वजन ५०० असेल तर तुमच्या वाट्याला १२० किलो. आता भरा: ५० लिटर पाणी म्हणजे ५० किलो. घरच्या इन्व्हर्टरची लेड-ॲसिड बॅटरी साधारण ५५ किलो. घरगुती भरलेला सिलिंडर ३० किलोच्या आसपास. झाले १३५. अजून गादी, भांडी, आईची औषधांची पिशवी बाकी आहे आणि मर्यादा कधीच ओलांडली!

तेच हुशारीने करा: १०० ॲम्पिअर-अवरची लिथियम बॅटरी १२ किलो, ५ किलो गॅसचा छोटा सिलिंडर भरून १२ किलो, पाणी २० लिटर आणि बाकी मुक्कामाला भरायचं. झाले ४४. अजून ७६ किलो शिल्लक. म्हणून ट्रेलर निवडताना रिकामं वजन विचारू नका. कमाल वजन विचारा आणि त्यातून रिकामं वजा करा.

उंची-रुंदीही बघा. गाडीच्या सावलीत मावणारा टिअरड्रॉप कमी पेट्रोल खातो. उंच कॅरव्हॅन म्हणजे हवेत धरलेली भिंत. इलेक्ट्रिक गाडीची रेंज तर अशा भिंतीमुळे निम्म्यापर्यंत येऊ शकते. आपण बावन्न दरवाजांच्या शहरात राहतो. वेरूळला जाताना दौलताबादच्या जुन्या वेशीतून समोरून बस येते तेव्हा साध्या कारला घाम फुटतो. मागे ट्रेलर असताना तिथं रिव्हर्स घ्यायचा विचार करून बघा. ट्रेलर रिव्हर्समध्ये स्टिअरिंगच्या उलट दिशेला वळतो. आधी गारखेड्यातल्या एखाद्या मोकळ्या मैदानावर सकाळी सकाळी सराव.

कागदपत्रं: याला शॉर्टकट नाही

मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये 'मोटार वाहना'च्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याला स्वतःची नोंदणी हवी. ती न करता रस्त्यावर आणता येत नाही. आणि त्याच कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. म्हणून खरेदीआधी तीन गोष्टी लेखी घ्या:

१. ट्रेलरचं मॉडेल मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासलेलं आहे याचं प्रमाणपत्र. पुण्याची एआरएआय ही अशीच एक संस्था.
२. आपल्या एमएच-२० च्या आरटीओत तो ट्रेलर आणि तुमच्या गाडीवरचा हिच चालेल का, याचं उत्तर. पैसे देण्याआधी, नंतर नाही.
३. विमा कंपनीकडून: ट्रेलर जोडलेला असताना अपघात झाला तर क्लेम मिळेल का?

तिसरा मुद्दा सगळ्यात महाग पडू शकतो. ट्रेलर दोन-तीन लाखांचा असेल, पण समोरच्याला इजा झाली तर आयुष्यभराचा हिशोब होतो. आणि हो, चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. आई तर नाहीच नाही.

मग आमच्या घरी काय ठरलं?

आमची कॉम्पॅक्ट एसयूव्ही आहे. पुस्तक उघडलं, तिथं शिफारस नसल्याचं वाक्य आहे. त्यामुळे आमच्या गाडीमागे ट्रेलर येणार नाही. बाबा म्हणाले, "एवढा अभ्यास करून शेवटी नाहीच ना?" मी म्हटलं, बाबा, "नाही" हेही उत्तरच आहे, आणि ते घाटात मिळण्यापेक्षा घरात मिळालेलं बरं.

आईची गरज मात्र खरी आहे, ती सोडवायचीच. आमची योजना अशी: डिकीत मावणारं पोर्टेबल कमोड, त्याच्यासाठी छोटा उभा तंबू आणि रात्री साध्या लॉजवर मुक्काम. पहिली सहल जवळची, वेरूळ-म्हैसमाळ. ती जमली तर वर्षातून एकदा ड्रायव्हरसह मोटर कॅरव्हॅन भाड्याने घेऊन लोणार. ट्रेलर विकत घेऊन वर्षातले तीनशे दिवस पार्किंगमध्ये झाकून ठेवण्यापेक्षा हे स्वस्त. आमच्या सोसायटीत तर दुसऱ्या कारलाच जागा नाही.

तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर माझी यादी अशी: ब्रेकवाला ट्रेलर, भरून ५०० किलोच्या आत, गाडीपेक्षा रुंद नाही, नोंदणीचे कागद पूर्ण. दोघंच असाल तर टिअरड्रॉप, मुलं असतील तर फोल्डिंग. उभं राहायला जागा आणि टॉयलेट हवंच असेल तर वजन वाढतंच, आणि मग गाडीही तशी मोठी लागते.

आजचा गृहपाठ: गाडीचं मॅन्युअल उघडा, टोइंगचं पान शोधा, आणि त्यावर काय लिहिलंय ते कमेंटमध्ये गाडीच्या मॉडेलसह टाका. सगळ्यांची उत्तरं एकत्र केली की मराठीत एक कामाची यादी तयार होईल. घरात कुणी हौसेने हिच वेल्ड करायला निघालं असेल, तर त्याला हा एपिसोड आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!