भरलेली पिशवी का गळते?

आमचे थोरले बंधू सत्तरीचे आहेत. जन्मभर शेतात राबलेला गडी. पंधरा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांचे धोतर ओले राहू लागले. रात्री अंथरूण भिजे. लाजेने त्यांनी कोणाला सांगितले नाही. पाणी पिणे मात्र कमी केले. देवळात जाणे सोडले, पारावर बसणे सोडले. शेवटी वहिनींनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "भावजी, यांना काहीतरी होतंय. तुम्हीच विचारून बघा."

मी विचारले, "अण्णा, लघवी फार होते का?"

"फार कुठली रे! थेंब थेंब गळते. आणि करायला बसलो तर येत नाही. कुंथावं लागतं."

हे बोलणे ध्यानात ठेवा. लघवी गळते म्हणजे ती जास्त होते, असे आपल्याला वाटते. अण्णांचे उलटे होते. त्यांची लघवीची पिशवी कधी रिकामीच होत नव्हती. काठोकाठ भरलेल्या रांजणात आणखी तांब्याभर पाणी ओतले, तर ते वरून सांडते. तसे ते सांडत होते.

आपल्या ओटीपोटात ही पिशवी असते. तिला मूत्राशय म्हणतात. मूत्रपिंडे रक्त गाळून लघवी तयार करतात. ती थेंबाथेंबाने पिशवीत साठते. साधारण अर्धा लिटर मावते. पिशवी भरत आली की मज्जातंतू मेंदूला वर्दी देतात. मग आपण बसलो की पिशवीचा स्नायू आवळतो, तोंड उघडते आणि धार लागते. हा स्नायूच अशक्त झाला, किंवा वर्दी देणारे तंतू बिघडले, तर पिशवी नीट आवळत नाही. लघवी मागे उरते.

तंतू बिघडायला मधुमेह हे मोठे कारण आहे. पाठीच्या कण्याला मार लागला, मणक्याची गादी सरकली, अर्धांगवायू झाला, तरीही असे होते. म्हातारपणी स्नायू आपोआप थकतो. सर्दीच्या व खाजेच्या काही गोळ्यांनीही लघवी अडते. बायकांनाही हा आजार होतो बरे का. बाळंतपणानंतर सहा तासांत लघवी झाली नाही, तर लगेच नर्सबाईंना सांगावे. पिशवी एकदा फार ताणली गेली की सावरायला वेळ लागतो.

आता अण्णांचे पुढे ऐका. पहिल्या डॉक्टरांनी पोटाला हातही लावला नाही. गळते म्हटल्यावर लघवी आवरण्याच्या गोळ्या दिल्या. अशा गोळ्यांनी पिशवीचा स्नायू आणखी ढिला पडतो. चार दिवसांत ओटीपोट नारळासारखे टणक झाले. आम्ही त्यांना तालुक्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी आधी पोट चाचपले. अण्णांना लघवी करून यायला सांगितले, आणि लगेच सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावरही पिशवीत ७०० मिलिलिटर शिल्लक होती! निरोगी माणसाच्या पिशवीत ५० मिलिलिटरसुद्धा उरत नाही. या तपासणीत सुई नाही, दुखणे नाही. पाच मिनिटांचे काम. मला तर वाटते, म्हाताऱ्या माणसाची लघवी गळत असेल, तर गोळी घेण्याआधी ही मोजणी झालीच पाहिजे.

रक्तही तपासले. मूत्रपिंडांवर ताण आल्याचे दिसले. पिशवी सदा तुंबलेली असली की मागे मूत्रपिंडांवर दाब पडतो. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे होतात. हे दुखणे आतल्या आत चालते, म्हणून उशिरा कळते.

पण पिशवी का रिकामी होत नाही, हे अजून कळायचे होते. शेतात पाइपातून पाणी येईना, तर आपण काय बघतो? पाइपात कचरा अडकला आहे, की मोटरीचा जोर कमी झाला आहे? इथेही तसेच. पुरुषांना पिशवीच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची ग्रंथी असते. उतारवयात ती वाढून वाट अडवते. हा झाला पाइपातला कचरा. स्नायू थकला ही झाली मोटर. दोन्हींत धार बारीकच दिसते. म्हणून शहरात एक तपासणी करतात. बारीक नळीने पिशवीत हळूहळू पाणी भरतात, आणि लघवी करताना आत किती दाब येतो ते यंत्रावर पाहतात. दाब भरपूर आणि धार बारीक, तर वाट अडली आहे. दाबही कमी आणि धारही बारीक, तर स्नायू अशक्त आहे. अण्णांची मोटरच थकली होती. नुसते प्रोस्टेटचे ऑपरेशन केले असते, तर पैसे जाऊन गळणे तसेच राहिले असते.

थकलेल्या स्नायूला पुन्हा पूर्ण जोर देईल असे भरवशाचे औषध आजही नाही. तंतूंना विजेची बारीक चेतना देणारे यंत्र बसवतात, पण ते महाग आहे आणि सर्वांना लागू पडत नाही. मग उपाय काय? पिशवी वेळच्या वेळी रिकामी करणे. दुखणे थोडे असेल, तर भावना होवो न होवो, दर तीन-चार तासांनी लघवीला जावे. एकदा झाली की जरा थांबून पुन्हा करावी. साखर आटोक्यात ठेवावी, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. पोट जोराने दाबू नये. पाणी तोडू नये.

एवढ्याने भागले नाही, तर नळी. दिवसातून चार-सहा वेळा आपल्याच हाताने मऊ नळी घालायची, पिशवी रिकामी करायची, नळी काढायची. १९७२ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे डॉ. जॅक लॅपिडिस यांनी ही रीत मांडली. तोवर समज असा, की नळी घालणे हे निर्जंतुक खोलीतले काम. त्यांनी दाखवले, की साबणाने हात स्वच्छ धुऊन माणूस घरीही हे करू शकतो. कारण मोठा धोका तुंबलेल्या लघवीचा असतो. नळी कोणती, किती जाडीची, पुन्हा वापरायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावे.

अण्णा आधी म्हणाले, "हे मला जमायचं नाही." नर्सबाईंनी तीन दिवस शिकवले. चौथ्या दिवशी जमले.

लघवी अजिबात बंद झाली, थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्त दिसले, किंवा कंबरदुखीबरोबर पाय लुळे पडले वा बसायची जागा बधिर झाली, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

अण्णांची मूत्रपिंडे बरीच सुधारली आहेत. दर सहा महिन्यांनी रक्त तपासतो. गेल्या माघात ते नातीच्या लग्नाला एसटीने पंढरपूरला जाऊन आले. पिशवीत साबण होता, नळ्या होत्या, आणि धोतर कोरडे होते.