जगाचं ताट – लेखांक ६ : ओळखीचं सामान, थाई स्वयंपाक

मागच्या लेखांकात व्हिएतनाम झालं, आता थायलंड. सांगलीच्या मंडईतून गवती चहा, चिंच, ओली हळद, हिरवी मिरची आणि शेंगदाणे आणले, कुंडीतली तुळशीची पानं खुडली, की थाई स्वयंपाकाचं बरंचसं सामान जमलं. उरलं नारळाचं दूध, कुलंजन, मकरूट लिंबाची पानं आणि माशांचा खारा रस. पण सामान जमलं म्हणून पदार्थ थाई होत नाही. तेच जिन्नस तिथे निराळ्या कामाला लावलेले असतात.

हळदच घ्या. २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आपली सांगलीची हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून बाजारात येते आणि फोडणीत चिमूटभर पडते. दक्षिण थायलंडमध्ये ओली हळद लसूण-मिरचीबरोबर कुटून माशाच्या आंबट कालवणात घालतात आणि तिचा वास सगळ्यांच्या पुढे असतो. आपण जिची पूजा करतो ती तुळस बँकॉकच्या रस्त्यावर मोठ्या आचेवरच्या कढईत खिम्याबरोबर परतली जाते. सोबत भात आणि तळलेलं अंडं, की झालं ‘फाट कफ्राओ’, तिथलं घाईच्या वेळचं जेवण.

मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का जिंकलं आणि त्याच वर्षी त्यांचा वकील थायलंडची तेव्हाची राजधानी अयुथ्थया इथल्या दरबारात गेला. दोन्हीकडे मिरची बहुधा याच व्यापारातून आली. आपण तिचा खर्डा केला, त्यांनी ‘नाम प्रिक’. खलात मिरची, लसूण आणि आंबवलेल्या जवळ्याचा गोळा कुटायचा, त्यात लिंबू आणि ताडगूळ घालायचा आणि कच्च्या किंवा उकडलेल्या भाज्यांना लावून खायचं. खर्ड्यात तिखटाचं राज्य असतं. नाम प्रिकमध्ये तिखट, आंबट, खारट आणि गोड यांचा तोल साधावा लागतो. नूडल्सच्या दुकानात तर साखर, मिरचीपूड, मिरची घातलेला व्हिनेगर आणि माशांचा रस टेबलावरच ठेवलेला असतो. शेवटची चव खाणाऱ्यानं जुळवायची, त्यात स्वयंपाक्याचा अपमान नाही.

भात ज्याच्या त्याच्या ताटलीत, बाकीचे पदार्थ मधोमध सगळ्यांचे. एका वेळी चमचा-दोन चमचेच वाढून घ्यायचे. घास चमच्यानं घेतात, काटा फक्त तो चमच्यावर सारायला. ईशान्येकडच्या इसान भागात मात्र चिकट भाताचा गोळा हातानंच वळतात. घरचे जेवण्याआधी, सकाळीच, भिक्खूंच्या पात्रात अन्न पडतं, कारण माध्यान्हीनंतर भिक्खू जेवत नाहीत. फुकेतमध्ये चिनी वंशाच्या लोकांचा नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो. त्यात कांदा-लसूणही वर्ज्य, आणि बऱ्याच वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो.

जगभर पोहोचलेल्या ‘पाड थाई’चं वय मात्र फार नाही. १९३९ मध्ये पंतप्रधान पिबून सोंगक्राम यांच्या काळात सयामचं थायलंड झालं. राष्ट्र घडवण्याच्या त्याच मोहिमेत सरकारनं तांदळाच्या नूडल्सचा प्रचार केला आणि त्यातून हा पदार्थ देशभर रुजला. नूडल्स परतायची रीत चिनी, वर पेरलेलं दाण्याचं कूट अमेरिकेतून आलेल्या पिकाचं. चिंच आणि ताडगुळानं त्याला थाई चव दिली. तोल जमला की परकं सामानही घरचं होतं, हे थाई लोकांना केव्हाच उमगलेलं आहे. २०२४ मध्ये ‘तोम याम कुंग’ हे कोळंबीचं आंबट-तिखट सार युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेलं, तेव्हा त्यातल्या मिरचीचं मूळ गाव कुणी विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात : मासे आणि मीठ महिनोन्‌महिने मुरवून काढलेला रस ‘नाम प्ला’, आणि शाकाहारी घरात त्याच्या जागी काय चालतं.