विमानाची निम्मी वाट

चेन्नईहून अंदमानास जाणाऱ्या जहाजाला बंगालचा उपसागर ओलांडण्यास अडीच ते तीन दिवस लागतात. तोच प्रवास विमान दोन-सव्वादोन तासांत पुरा करते. चेन्नईचा विमानतळ आणि पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर विमानतळ यांमधील सरळ अंतर सुमारे १,३७० किलोमीटर आहे. पोर्ट ब्लेअर या नगरास २०२४ साली श्री विजयपुरम असे नाव देण्यात आले. या वाटेवर विमानाखाली बहुतेक वेळ केवळ समुद्र असतो.

जाताना जेवढे अंतर, तेवढेच येताना. तेव्हा वेळही सारखाच लागावा, असे कोणासही वाटेल. परंतु तसे घडत नाही. प्रवाहाबरोबर नाव हाकणारा नावाडी पुढचे गाव लवकर गाठतो. परतताना वल्ही तीच, बाहूही तेच, तरी त्यास अधिक वेळ लागतो. विमानाचेही असेच आहे. वाहती हवा ही त्याची नदी होय.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर जमिनीलगतचे वारे पश्चिमेकडून येतात. मात्र विमाने ज्या उंचीवरून जातात, तेथे त्या दिवसांत वारा बहुधा पूर्वेकडून वाहतो. अंदमान चेन्नईच्या पूर्वेस असल्यामुळे जाणाऱ्या विमानास तो समोरून अडवितो आणि परतणाऱ्यास मागून ढकलतो.

समजा, विमानाचा हवेतील वेग ताशी ८०० किलोमीटर व वाऱ्याचा वेग ताशी ६० किलोमीटर आहे. मग जाताना विमान ताशी ७४० किलोमीटर पुढे सरकेल आणि परतताना ८६०. चढण्या-उतरण्याचा वेळ सोडला, तर जाण्यास सुमारे १११ मिनिटे लागतील, येण्यास ९६.

हा पाऊण घटकेहून थोडा कमी असा फरक क्षुल्लक वाटेल. पण प्रसंगी तो जिवाशी येऊन भिडतो. विमान चेन्नईपासून ७०० किलोमीटरवर असताना एखादा प्रवासी अकस्मात अत्यवस्थ झाला, तर वैमानिकाने काय करावे? मागे ७०० किलोमीटर, पुढे ६७०. पुढचाच विमानतळ जवळचा, असे नकाशा सांगतो. परंतु वाऱ्याविरुद्ध पुढे जाण्यास ५४ मिनिटे लागतील आणि वाऱ्याबरोबर मागे फिरण्यास ४९! दूरचे ठिकाण येथे आधी गाठता येते.

अंतराने पाहिले, तर वाटेचा मध्य ६८५ किलोमीटरवर आहे. वेळेने पाहिले, तर तो ७३६ किलोमीटरवर सरकतो. तेथून पुढे जाण्यास वा मागे फिरण्यास सारखीच, म्हणजे ५१ मिनिटे लागतात. वारा पालटला की हा बिंदूही जागा बदलतो. म्हणून तो नकाशावर कायमचा खुणावून ठेवता येत नाही. त्या दिवसाच्या वाऱ्यावरून त्याचे गणित मांडावे लागते. ढगांमुळे बेटावर उतरता आले नाही, तर मुख्य भूमीवर परतण्यास इंधन पुरेल की नाही, हाही हिशेब उड्डाणापूर्वीच करावा लागतो.

आकाशात आणीबाणी आली म्हणजे विचारास फारसा अवसर नसतो. जमिनीवर शांतपणे केलेले हे साधे त्रैराशिक तेव्हा वैमानिकाच्या कामी येते, आणि कोणाचा तरी जीव वाचविते.