तंबोरा सांगेल ती रेकॉर्ड चांगली

(लेखमाला : तबकडीचे दिवस – लेखांक ७)

मागच्या लेखांकात ग्रामोफोनच्या पेटीची रचना पाहिली. या आठवड्यात खुद्द तबकडीकडे वळू. सर्वांत चांगला आवाज कोणत्या रेकॉर्डचा, हा प्रश्न दोन शौकीन भेटले की निघतोच, आणि थोड्याच वेळात बोलणे यंत्रांच्या किमतीवर जाते. माझ्या मते यंत्राचा विचार नंतर करावा. शास्त्रीय संगीताच्या बहुतेक एलपींवर गायकाने पहिला स्वर लावण्याआधी काही क्षण नुसता तंबोरा वाजत असतो. तेवढे क्षण नीट ऐकले तर त्या रेकॉर्डबद्दल जवळजवळ सगळे कळते.

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात. जवारी चांगली लागली की एका तारेतून अनेक स्वर उमटू लागतात. खरजाची तार छेडल्यावर तिच्यातून गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. त्याच्याही वर बारीक स्वरांची एक चकाकी असते. ही चकाकी तबकडीच्या खाचेत अगदी सूक्ष्म नागमोडी वळणांच्या रूपाने कोरलेली असते, आणि जड किंवा झिजलेली सुई फिरली की सर्वांत आधी तीच वळणे घासली जातात. गायकाचा आवाज तेव्हाही बरा वाटतो, ठेका स्पष्ट असतो, पण तंबोरा मात्र नुसता घूं घूं करू लागतो. याउलट खरजाखाली घरघर मिसळलेली वाटली, तर दोष बहुधा तबकडी फिरवणाऱ्या यंत्राचा असतो.

तंबोरा आणखी एक खोट पकडतो. तबकडीचे मधले भोक जरा बाजूला पडलेले असले की खाच मध्यापासून जवळ-लांब होत फिरते. मध्यापासून १० सेंटिमीटरवर वाजणाऱ्या खाचेसाठी भोक १ मिलिमीटर सरकलेले असेल, तर वेग प्रत्येक फेऱ्यात १ टक्का वर आणि १ टक्का खाली जातो. दोन्ही मिळून हा झोका अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्शाएवढा होतो. चित्रपटगीतात तो खपून जातो. तंबोऱ्यावर लावलेल्या षड्जात मात्र तो कानाला बोचतो.

१९०२ साली फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचे ध्वनिमुद्रण केले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून मोठ्याने गायचे, आणि त्या आवाजाच्या जोरावरच मेणात खाच कापली जायची. तंबोऱ्यासारखा हळुवार नाद त्या कर्ण्यापर्यंत पोहोचणे कठीणच. १९२५ नंतर विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि काही वर्षांत भारतातही रुळले. त्या काळातले माझे सर्वांत आवडते काम म्हणजे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ओडियन कंपनीच्या तबकड्या. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झालेले. मिरज तंबोरे आणि सतारी घडवणाऱ्यांचे गाव. तिथल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. खाँसाहेबांचा स्वरावरचा कटाक्ष असा, की साडेतीन मिनिटांच्या आतल्या झिंझोटीतही सूर बसलेला वाटतो. खरखर आहेच, पण ती बाजूला सारून कान आत जातो.

ही खरखर येते कुठून, हे आपल्या भागातल्या वाचकाला खरे तर घरबसल्या समजावे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीत साधारण एक तृतीयांश चपडा लाख असायची; उरलेल्या भागात मुख्यतः दगडाची बारीक पूड, शिवाय कापसाचे तंतू आणि काजळी. लाख म्हणजे पळस, कुसुम आणि बोरीच्या फांद्यांवर किड्याने केलेले कवच. लांजीहून आमगावकडे निघाले की दोन्ही अंगांना पळस दिसतो. बालाघाट-गोंदियाच्या पट्ट्यात लाखेचे उत्पादन जुने आहे. पळस-बोरीवरची रंगिनी आणि कुसुमावरची कुसुमी, असे तिचे दोन वाण. लाखेचा मोठा बाजार कलकत्त्याला होता, आणि कलकत्त्यालाच आधी सियालदहला १९०८ साली व पुढे दमदमला रेकॉर्डींचा कारखाना उभा राहिला. लाख फक्त सगळे एकत्र बांधून ठेवायची. खरखर यायची ती दगडाच्या पुडीमुळे. ती पूड मुद्दाम घातलेली असे, म्हणजे पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत घासून खाचेच्या आकाराची होई.

दुसऱ्या महायुद्धात भारतातून जाणारी लाख अडली. १९४२ साली अमेरिकी सरकारने रेकॉर्डींसाठी लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करायला लावला, आणि सैनिकांसाठीच्या तबकड्या विनाइलच्या निघू लागल्या. विनाइलमध्ये दगडाची पूड लागत नाही, म्हणून पृष्ठभाग शांत. खाचही कितीतरी बारीक कापता येते. १९४८ साली कोलंबियाने अमेरिकेत ३३⅓ फेऱ्यांची एलपी आणली. तीन मिनिटांचे गाणे वीस-बावीस मिनिटांचे झाले. आपल्या संगीताला याची गरज कोणाहूनही जास्त होती.

इथे विदर्भातल्या एका माणसाचे ऋण सांगितले पाहिजे. जी. एन. जोशी हे नाव आज मराठी भावगीताच्या सुरुवातीशी जोडले जाते. मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी चाल लावून गायली आणि तिची रेकॉर्ड घरोघर गेली. पण त्यांचे मोठे काम पुढे एचएमव्हीत, ध्वनिमुद्रणाच्या बाजूला झाले. गवयांना गाण्यासाठी राजी करणे, राग आणि वेळ ठरवणे, हे सगळे ते करत. स्वतः गायक असलेला माणूस काचेपलीकडे बसला की समोरच्या गवयाला धीर येतो. त्यांच्या काळातल्या रेकॉर्डी ऐकताना मला हे जाणवत राहते. त्यांच्या आठवणींचे ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे पुस्तक जुन्या ग्रंथालयांत शोधावे.

जोशींनी निर्मिती केलेली ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही १९६७ची स्टीरिओ एलपी मी कोणालाही पहिली सुचवीन. शिवकुमार शर्मांचे संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत रागांतून उलगडत जातो. आवाजाच्या दृष्टीने संतूर फार कठीण वाद्य. कलमाचा, म्हणजे वाजवायच्या काडीचा, आघात क्षणात उसळतो, त्याचा नाद विरायच्या आत दुसरा येऊन पडतो. सुई किंवा खाच जरा झिजलेली असली की आघात फुटतो, काच तडकल्यासारखा. चांगल्या प्रतीत मात्र प्रत्येक आघात सुटा राहतो आणि मागचा नाद त्याखाली वाहत असतो.

दुसरी निवड अमीर खाँसाहेबांची : १९६०ची, एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी. ही मोनो आहे, आणि तिला स्टीरिओची उणीव भासत नाही. मारव्यात पंचम वर्ज्य, म्हणून तंबोऱ्याची पंचमाची तार निषादात किंवा धैवतात मिळवतात. त्यामुळे तंबोरा इथे कानाला वेगळाच लागतो. अतिविलंबित लयीत दोन स्वरांच्या मध्ये जी मोकळी जागा राहते, तिथे रेकॉर्डची शांतता कळते. रेकॉर्ड खरखरीत असेल तर हा मारवा ऐकूच नये. दुसरी प्रत शोधावी.

तिसरी किशोरी आमोणकरांची, भूप आणि बागेश्रीची. भूपातला लांबवलेला गंधार हा सरकलेल्या भोकासाठी माझा सर्वांत कठोर कस आहे. गंधार हलला की ती प्रत परत करावी, मग आवरण कितीही कोरे असो.

‘शिवकल्याण राजा’ ही राज्याभिषेकाच्या त्रिशताब्दीच्या वर्षी, १९७४ला आलेली रेकॉर्ड वेगळ्या कारणासाठी ऐकावी. लता मंगेशकरांचा आवाज आणि हृदयनाथांच्या चाली सर्वांना पाठ असतात. पण बाबासाहेब पुरंदरे यांच्या निवेदनातले ‘श’ आणि ‘स’ सुईची खरी परीक्षा घेतात. ते शिट्टीसारखे निघाले तर सुई बदलायची वेळ झाली. सत्तरच्या दशकातल्या पॉलिडॉरच्या चित्रपट एलपीही मला दाबणीच्या दृष्टीने स्वच्छ वाटतात.

एलपीची एक मर्यादा मात्र मनाला लागते. तबकडी सारख्याच गतीने फिरते, पण कडेच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर लांबी सरकते आणि शेवटच्या खाचेत जेमतेम २१. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबावा लागतो. ख्याल कसा वाढतो ते पाहा : सुरुवातीला संथ आलाप, शेवटी द्रुत आणि तानांचा पाऊस. जिथे जागा ऐसपैस तिथे संथ आलाप, आणि जिथे ती सर्वांत अपुरी तिथे नेमक्या ताना. शेवटच्या ताना किंचित चिरकल्यासारख्या वाटल्या तर गवयाला दोष देऊ नये. एका बाजूची लांबी बावीस-तेवीस मिनिटांच्या पुढे गेली की खाचा दाटीने कापाव्या लागतात, आवाज हळू ठेवावा लागतो आणि त्या प्रमाणात खरखर वर येते. म्हणून बाजूवर अठरा मिनिटे असलेली रेकॉर्ड मी पंचवीस मिनिटांच्या रेकॉर्डपेक्षा आधी उचलतो.

जुनी एचएमव्ही घेताना लेबलवरचा नंबर वाचावा. ईएएलपी, ईसीएलपी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या मोनो, ईएएसडी आणि ईसीएसडीच्या स्टीरिओ. स्टीरिओ रेकॉर्ड जुन्या जड पिकअपवर वाजवली की खाचेच्या दोन्ही भिंती कायमच्या खराब होतात. आपल्याकडे लग्नाकार्यात लाउडस्पीकरवाल्यांच्या पेटीतून फिरलेल्या रेकॉर्डींची हीच गत आहे. त्यांनी गावाला गाणे ऐकवले, याबद्दल मला त्यांच्याविषयी आदरच आहे. पण आवाजासाठी विकत घ्यायची ती रेकॉर्ड घरातल्या कपाटातून निघालेली असावी. उजेडात तिरपी धरून पाहावी : भोकाभोवती लेबलवर, तबकडी यंत्राच्या मधल्या खुंटीवर बसवताना उमटलेल्या बारीक रेघा जितक्या जास्त, तितकी ती जास्त वाजलेली.

विनाइलची रेकॉर्ड पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून धुता येते. ७८च्या लाखेच्या तबकडीला मात्र स्पिरिट कधी लावू नका. सुतार चपडा स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो, तबकडीही तशीच विरघळेल. आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या छताखाली विनाइल वाकते. रेकॉर्डी खालच्या, थंड खोलीत, एकीवर एक न रचता उभ्या ठेवाव्यात.

लांजी, आमगाव, सालेकसा, बालाघाट या भागात ज्यांच्या घरी आजोबांच्या वेळच्या रेकॉर्डी पडून असतील, त्यांना माझी विनंती आहे. त्या भंगारात देऊ नका. लेबलवरचे नाव, गायक आणि नंबर एका वहीत उतरवून ठेवा. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी अशाच नोंदींवरून जुन्या ध्वनिमुद्रणांचा इतिहास जुळवला आहे, आणि आपल्या भागातल्या वह्या त्यात यायला हव्यात. आणि त्या रेकॉर्डी वाजवण्याआधी एक आठवडा थांबा : ७८ची आणि एलपीची सुई वेगळी असते, चुकीची सुई एका फेऱ्यात खाच बिघडवते. पुढचा लेखांक सुईवरच आहे.