न सोडवलेल्या प्रश्नांचं गणित

डिसेंबरच्या उत्तरार्धात 'कॅट'चा, म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागतो आणि अनेक घरांत सारखाच गोंधळ उडतो. मुलगी सांगते, "बाबा, ब्याऐंशी आले." बाबा म्हणतात, "मग चेहरा का पाडलास? डिस्टिंक्शन आहे की!" ब्याऐंशी टक्के आणि ब्याऐंशी पर्सेंटाइल यांतला फरक समजावून सांगण्याचं त्राण त्या संध्याकाळी तिच्यात नसतं.

फरक असा, की आपल्याला किती गुण मिळाले हे पर्सेंटाइल सांगत नाही, आपल्या मागे किती जण आहेत ते सांगतो. २०२४ च्या कॅटला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. ८२ पर्सेंटाइल म्हणजे त्यांतले १८ टक्के पुढे, जवळपास ५३ हजार जण. ९० पर्सेंटाइलला ही संख्या २९ हजारांवर येते आणि ९९ ला तीन हजारांच्या आत. अहमदाबाद, कोलकाता, बंगळुरू या जुन्या आयआयएमच्या मुलाखतीचं बोलावणं, मुलांच्या भाषेत 'कॉल', खुल्या प्रवर्गात बहुतेक वेळा याच शेवटच्या गटाला येतं.

या आकड्यांनी धडकी भरते, पण दिलासाही त्यांच्यातच आहे. गर्दी सगळ्यात दाट असते ती मधल्या पट्ट्यात. अलीकडच्या पेपरांकडे पाहिलं तर ८० पासून ९० पर्सेंटाइलपर्यंतचं अंतर साधारण चार-पाच बरोबर उत्तरांचं असतं. तीन विभाग आणि दोन तास मिळून फक्त चार-पाच. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की अलीकडच्या वर्षांत ९९ पर्सेंटाइललाही एकूण गुणांच्या निम्म्याहून कमी गुण पुरले आहेत. देशातल्या पहिल्या तीन हजारांत येणारा उमेदवारसुद्धा निम्म्याहून अधिक गुण मागे सोडूनच परीक्षा केंद्राबाहेर पडतो.

हे आपल्या अंगवळणी पडलेल्या परीक्षेच्या अगदी उलट आहे. दहावीच्या बोर्डाला पाठवताना आपण मुलांना बजावतो, 'एकही प्रश्न सोडू नकोस, काहीतरी लिहून ये.' बारा-पंधरा वर्षं मुरलेली ही शिकवण घेऊन मूल कॅटला बसतं. पहिला अवघड प्रश्न समोर येतो, तो सोडून पुढे जाणं त्याला हार मानल्यासारखं वाटतं. त्या एका प्रश्नात सहा मिनिटं जातात आणि पुढचे तीन सोपे प्रश्न वाचायचेच राहतात. निराशाजनक निकालांमागे ज्ञानाची उणीव असते, त्याहून अधिक वेळा ही सवय असते, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून निकालानंतरच्या पहिल्याच आठवड्यात नवा क्लास, नवी पुस्तकं, नवं वेळापत्रक यांच्या मागे लागू नये. आधी जुना पेपर उघडावा. परीक्षा झाल्यावर काही दिवसांतच प्रत्येक उमेदवाराला आपल्या लॉगिनमध्ये स्वतःची उत्तरपत्रिका आणि उत्तरसूची पाहता येते. बहुतेक जण ती फक्त गुण मोजायला उघडतात, बेरीज करतात आणि बंद करतात. खरं तर वर्षभराच्या तयारीतला सर्वांत मोलाचा कागद तोच असतो.

घड्याळ बाजूला ठेवून, कोरे कागद घेऊन तोच पेपर पुन्हा सोडवायला बसा. न जमलेले प्रश्न एकेक करून वेगळे करा. काही प्रश्न आताही सुटणार नाहीत. तिथे पाया कच्चा आहे, ते प्रकरण पुन्हा शिकायला हवं. काही प्रश्न शांतपणे बसल्यावर दोन मिनिटांत सुटतील. परीक्षेत ते एकतर घाईत चुकलेले असतात, नाहीतर त्यांच्यापर्यंत आपण पोहोचलेलोच नसतो. कोणत्या प्रश्नाला किती वेळ गेला हे उत्तरपत्रिकेत दिसत नाही. ते फक्त स्वतःला आठवतं, तेही थोडेच दिवस, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये. दुसऱ्या गटातले प्रश्न मोजून पाहा. ज्यांचा पर्सेंटाइल ७५ ते ९० च्या पट्ट्यात आहे, त्यांच्याकडे या गटात चार-पाच प्रश्न सहसा निघतातच. वर सांगितलेलं अंतर तेवढंच आहे.

आता उणे गुणांकडे वळू. त्यांची अनेकांना नको तिथे भीती वाटते आणि हवी तिथे वाटत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्याय असलेल्या प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला उणे १. चार पर्यायांपैकी एक डोळे मिटून निवडला तर सरासरीने हाती शून्य येतं. चारांपैकी एक बरोबर धरला तर ३ गुण मिळतात आणि तीन चुकांचे ३ जातात. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर पारडं थोडं आपल्याकडे झुकतं. दोन बाद झाले तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी १ गुण मिळतो. ज्या प्रश्नांचं उत्तर टाइप करायचं असतं, मुलं ज्यांना 'टीटा' म्हणतात, त्यांना उणे गुणच नाहीत. शेवटच्या मिनिटाला ते कोरे ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

मग नुकसान कुठे होतं? गणिताच्या २२ प्रश्नांपैकी एकाने १६ सोडवले, ८ बरोबर आले, ८ चुकले. त्याला १६ गुण. दुसऱ्याने १० सोडवले, ८ बरोबर, २ चूक. त्याला २२ गुण. दोघांना येत होतं तेवढंच. पहिल्याने चुकलेल्या आठ प्रश्नांवर घालवलेली मिनिटं दुसऱ्याने बरोबर येणाऱ्या आठ प्रश्नांची उत्तरं तपासण्यात घालवली. उणे गुण दिसतात, गेलेली मिनिटं दिसत नाहीत. पण खरा तोटा मिनिटांचाच असतो.

हे सर्वांत उघडपणे कळतं ते डीआयएलआर, म्हणजे आकडेवारी आणि तर्काच्या विभागात. २०२४ मध्ये इथे २२ प्रश्न होते आणि ते पाच सेटमध्ये विभागलेले होते. मिनिटं ४०. पाचही सेट नीट सोडवणं बहुतेकांना अशक्यच असतं, आणि पेपर तसाच काढलेला असतो. त्यात एखादा सेट असा असतो, की हुशार मुलगाही पंधरा मिनिटं त्यात घालवून रिकाम्या हाताने बाहेर येतो. कोणत्या सेटला हात लावायचा हे ओळखणं हीच इथली अर्धी परीक्षा आहे. तरीही बहुतेक जण पहिला दिसेल तो सेट सोडवायला घेतात. पहिली चार-पाच मिनिटं एकही उत्तर न देता पाचही सेट वाचण्यात घालवायला धाडस लागतं, कारण शेजारच्याचा माऊस तोवर टकटक वाजू लागलेला असतो. वाचताना एवढंच पाहायचं, की माहिती पूर्ण दिली आहे की अनेक शक्यता मोकळ्या सोडल्या आहेत? पहिलीच अट धरून तक्ता भरायला सुरुवात होते का? यातून दोन सेट निवडून ते पूर्ण सोडवावेत, वेळ उरला तर तिसऱ्यातले जमतील तेवढे प्रश्न घ्यावेत. अडीच-तीन सेट बिनचूक झाले तर बहुतेक वर्षी या विभागाची चिंता मिटते.

निवडीचं हे कौशल्य नुसतं सांगून येत नाही. सरावाची पद्धत बदलावी लागते. आपल्याकडे गणिताचा अभ्यास प्रकरणवार होतो. आज टक्केवारीचे पन्नास प्रश्न, उद्या काळ-काम-वेगाचे पन्नास. त्यात मजा येते, कारण दहाव्या प्रश्नापासून हात आपोआप चालतो. अमेरिकेत डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे ध्यानात घ्यावा. विद्यार्थ्यांना घनाकृतींची घनफळं काढायला शिकवलं गेलं. एका गटाने एकेका प्रकारची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळे प्रकार मिसळून. सराव करताना सलग सोडवणारे पुढे होते, ८९ टक्के विरुद्ध ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र पालटलं. मिसळून सराव केलेल्यांना ६३ टक्के, सलग सराव केलेल्यांना अवघे २० टक्के. प्रकरणवार सरावात सूत्र कोणतं लावायचं हे आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत तेच ओळखायचं असतं आणि त्याचा सराव झालेलाच नसतो. एखादं प्रकरण पहिल्यांदा शिकताना सलग प्रश्न ठीक आहेत. दुसऱ्यांदा कॅटला बसणाऱ्याने मात्र दररोज थोडे प्रश्न मिसळलेलेच सोडवावेत. आकडे घसरतील, मन खट्टू होईल, पण या घसरणीला घाबरून पुन्हा प्रकरणवार सरावाकडे वळू नये.

इंग्रजी उताऱ्यांच्या विभागाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचं आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलं इथेच आधी खचतात. '२४ प्रश्नांपैकी १६ उताऱ्यांवरचे, आणि आमचं इंग्रजी कच्चं,' असं म्हणून ती शब्दांच्या याद्या पाठ करायला घेतात. कॅटमध्ये शब्दार्थ विचारत नाहीत. मानववंशशास्त्र, पर्यावरण, इतिहास, कला अशा विषयांवरचे चारपाचशे शब्दांचे उतारे असतात आणि विचारलं जातं ते लेखकाच्या युक्तिवादाबद्दल. त्याचं म्हणणं काय, ते कशावर उभं आहे, कोणत्या गोष्टीने ते लंगडं पडेल?

याचं एक साधं निदान आहे. उतारा वाचून झाला की लेखकाचं म्हणणं मराठीत एका वाक्यात लिहून पाहा. ते लिहिता आलं नाही, तर अडचण वाचनात आहे. ते नेमकं लिहिता आलं आणि तरीही उत्तर चुकलं, तर इंग्रजी कच्चं असल्याची तक्रार खोटी आहे. चूक पर्याय वाचताना होते आहे. 'काही' आणि 'सर्व', 'बहुधा' आणि 'नेहमीच' यांतला फरक निसटतो, किंवा जगात खरी असलेली पण उताऱ्यात नसलेली गोष्ट बरोबर वाटते. पहिल्या अडचणीला महिने लागतात. रोज एक दीर्घ इंग्रजी लेख, 'एऑन'सारख्या नियतकालिकातला किंवा 'गार्डियन'मधला, सलग वाचणं याला पर्याय नाही. दुसरी अडचण काही आठवड्यांत आटोक्यात येते. ज्याने घरी दिवाळी अंकांतले लांबलचक वैचारिक लेख आवडीने वाचले आहेत, त्याला युक्तिवादाचा धागा पकडणं आधीच येत असतं. त्याने स्वतःला इंग्रजीत कच्चा म्हणून आधीच बाद करू नये.

मॉकबद्दल, म्हणजे सराव परीक्षांबद्दल, थोडक्यात. किती मॉक दिल्या याची चढाओढ चालते, ती निरर्थक आहे. दोन तासांच्या मॉकनंतर किमान तेवढाच वेळ तपासणीला द्यायचा नसेल, तर ती मॉक देऊच नये. चुकांची वही ठेवावी. त्यात गणित उतरवण्यापेक्षा कारण लिहावं. 'सूत्र आठवलं नाही', 'काय विचारलं आहे ते नीट वाचलं नाही', 'सोडायला हवा होता, सोडला नाही'. महिन्याभरात तेच तेच कारण किती वेळा येतं ते दिसू लागतं.

आणि कॅट संपली म्हणजे वर्ष संपलं असंही नाही. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची एमबीए प्रवेश परीक्षा वसंतात होते. जमनालाल बजाज, सिडनहॅमच्या आवारातली सिमस्री, पुणे विद्यापीठाची पुम्बा अशा संस्थांची दारं तिच्यामुळे उघडतात. इथे मात्र वर सांगितलेला डाव उलटा करायचा. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे ४५ सेकंद, आणि उणे गुण अजिबात नाहीत. ७५ प्रश्न तर्काचे, २५ आकृत्यांचे, ५० गणिताचे, ५० इंग्रजीचे. एकही उत्तर कोरं ठेवायचं नाही, पण अडला तो प्रश्न पहिल्या फेरीत तिथेच सोडायचा. कॅटची तयारी केलेली मुलं 'सीईटी सोपी असते' म्हणून ती हलक्यात घेतात आणि वेगात मार खातात. सिम्बायोसिसच्या 'स्नॅप'ला तर एकाच मोसमात तीन वेळा बसता येतं आणि सर्वांत चांगले गुण धरले जातात. एकाच सकाळी घाबरून पेपर बिघडतो असं ज्यांना जाणवलं आहे, त्यांनी पुढच्या वर्षी ही सोय नक्की वापरावी.

राहिला सर्वांत जड प्रश्न, ड्रॉप घ्यायचा का? नोकरी सोडून वर्षभर फक्त अभ्यास करावा, या सल्ल्याला माझा बहुतेक मुलांच्या बाबतीत विरोध आहे. कॅटचे गुण त्या एका प्रवेशवर्षापुरतेच चालतात. वर्ष पणाला लावूनही तीच दोन तासांची परीक्षा द्यायची असते, आणि नोकरी सोडलेल्या मुलावर त्या दोन तासांचा ताण दुप्पट होतो. बऱ्याच संस्था निवडीत कामाच्या अनुभवाला गुण देतात. दहावी-बारावीचे आणि पदवीचे गुण आता बदलता येणार नाहीत, अनुभव मात्र वाढवता येतो. पेपर तपासल्यावर अडचण निवडीची आणि घाईची निघाली, तर कामाच्या दिवसांत रोजचे दोन चांगले तास आणि शनिवार-रविवारची एक मॉक पुरेशी आहे. अपवाद त्यांचा, ज्यांचा गणिताचा पाया आठवी-नववीपासूनच सुटला आहे आणि ज्यांची नोकरी रोजचे बारा तास खाते. त्यांनी काही महिन्यांची मोकळीक जरूर घ्यावी, पण घरच्यांशी पैशांचा हिशेब आधी मांडून.

कॅटची जाहिरात साधारण जुलैअखेर येते, नोंदणी ऑगस्टपासून सुरू होते आणि परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी. जानेवारीत पेपर तपासला, फेब्रुवारी-मार्च सीईटीला दिले, तर एप्रिल-मे मध्ये कच्ची प्रकरणं शिकून घेता येतात आणि जूनपासून मॉक सुरू करता येतात. रोजच्या इंग्रजी लेखाला मात्र जूनची वाट पाहू नये, तो आजच वाचायला घ्यावा.