शाळेच्या कारभारात पालकांचा तीन चतुर्थांश वाटा

महापालिका वा जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा एकटे मुख्याध्यापक चालवतात, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ नुसार अशा प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक, तर एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. उरलेल्या जागांवर शिक्षक, लोकप्रतिनिधी आदी असतात. अध्यक्षपद पालकाकडे आणि सचिवपद मुख्याध्यापकांकडे असते.

शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि अनुदानाच्या खर्चावर देखरेख ठेवणे, ही समितीची मुख्य कामे. शासकीय अनुदानाला याच आराखड्याचा आधार असावा, असे कलम २२ सांगते. त्यामुळे शिक्षकांची निकड किंवा स्वच्छतागृहाची गरज आराखड्यात नोंदवायची राहिली, तर शाळेच्या मागणीला आधारच उरत नाही.

मात्र, २०१२ च्या दुरुस्तीनंतर खासगी अनुदानित शाळांतील समितीची भूमिका केवळ सल्लागाराची उरली. विनाअनुदानित शाळांना तर हे कलम लागूच नाही.

जेथे पूर्ण अधिकार आहेत, तेथेही हिशेब न पाहता इतिवृत्तावर सही करणारा पालक सदस्य ते आपल्याच हाताने गमावतो.