मोझार्ट ऐकून मिरगी थांबते?

‘मिरगीवर शास्त्रीय संगीताचा रामबाण उपाय, गोळ्या सोडा’ असा मजकूर नागपूरजवळच्या मौद्यातल्या मोबाइलवरही येऊन धडकू शकतो. त्यातला पहिला अर्धा भाग अतिशयोक्तीचा आहे, दुसरा धोक्याचा. तरी सगळंच थोतांड म्हणून उडवून लावावं, असंही नाही.

मुळात ज्यावर काम झालंय ते सरसकट ‘शास्त्रीय संगीत’ नव्हे. मोझार्टने १७८१ मध्ये दोन पियानोंसाठी रचलेला एकच सोनाटा, के. ४४८, रुग्णांना पुन्हा पुन्हा ऐकवला गेला. १९९८ मध्ये अमेरिकेत जॉन ह्यूज यांच्या गटाने २९ जणांवर तो वाजवून पाहिला. २३ जणांच्या ईईजीत, म्हणजे मेंदूच्या विद्युत आलेखात, मिरगीच्या लहरी कमी झाल्या. काही रुग्ण तर शुद्धीवरही नव्हते, त्यामुळे ‘मन रमलं, बरं वाटलं’ एवढ्यावर हे निभावत नाही. पण लहरी घटणं वेगळं आणि झटके घटणं वेगळं. टोरांटोत झटकेच मोजले. रोज सहा मिनिटं हा सोनाटा ऐकणाऱ्यांचे झटके सरासरी ३५ टक्क्यांनी कमी झाले, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. रुग्ण किती? अवघे १३. आणि गोळ्या बंद करून पाहण्याचा तो प्रयोग नव्हताच. पुढे २०२३ मध्ये व्हिएन्नाच्या संशोधकांनी असे अभ्यास एकत्र तपासले आणि पुरावा फारच तोकडा ठरवला.

मग आपला दरबारी, आपली भैरवी? ‘अमुक रोगावर अमुक राग’ असे तक्ते आवडीने वाचले जातात, पण मिरगीच्या बाबतीत त्यांच्यामागे के. ४४८ एवढंसुद्धा बळ नाही. ऐकायला बहुतेकांना हरकत नाही. (क्वचित कुणाला संगीतानेच झटका येतो, हेही खरं, मेंदूविकारतज्ज्ञ क्रिचली यांनी १९३७ मध्येच त्याचं वर्णन केलंय.)

गोळ्यांचा हिशोब मात्र पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते योग्य औषधाने ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांविना जगू शकतात. औषध एकाएकी सोडलं तर झटक्यामागून झटका येऊन जिवावर बेतू शकतं. पण मौद्याहून भंडारा रोडने नागपूरला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जायचं म्हणजे गाडीभाडं आणि मजुरीचा खाडा. तेव्हा मोबाइलवरच्या फुकट सुरांचा मोह पडणारच, त्यात रुग्णाचा दोष मला दिसत नाही. डॉक्टरांकडून एकदम जास्त दिवसांच्या गोळ्या लिहून घ्याव्यात, फेऱ्या वाचतात.

झटका चालू असताना गाणं लावून काही होत नाही. चप्पल किंवा कांदा हुंगवूनही नाही. दातांत चमचा कोंबला तर दात तुटतो आणि तुकडा घशात जाऊ शकतो. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली दुपट्टा घडी करून ठेवा, झटके ओसरले की कुशीवर वळवा आणि घड्याळ बघत राहा. पाच मिनिटं उलटली तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा.